बावीसवर थांबलेला गठ्ठा

१

धानाची तणीस, म्हणजे पेंढा, ओली की सुकी, हे त्या घरात देवकाबाई ठरवायची. तिचा मुलगा देवानंद याने तीन वर्षांमागे तणशीचे गठ्ठे बांधणारा बेलर घेतला, तेव्हा ओलावा मोजायचं मशीनही आणलं होतं. हातात मावणारं, पुढे लांब टोकदार काडी. काडी गठ्ठ्यात खुपसली की काचेत ओलाव्याच्या टक्क्यांचा आकडा उठायचा. देवकाबाईने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण आकडे तिला केशोरीच्या बाजाराने शिकवले होते. देवानंद मशीन काढेपर्यंत ती मूठभर तणीस उचलून दोन्ही हातांनी पिळायची, कानाजवळ नेऊन ऐकायची आणि सांगून टाकायची, "सोळा." मशीनही तेच म्हणायचं. फार तर एखाद्याने इकडेतिकडे.

"माय, तुलेच ट्रॅक्टरले बांधून फिरवतो," देवानंद म्हणायचा. "मशीनचे सेल तरी वाचतीन."

"फिरव ना. मंग भाकरी तुझा बाप थापन काय?"

काम तसं सोपं, नियम मात्र कडक. हार्वेस्टर धान कापून गेला की बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, तणशीच्या लांब ओळी पडतात. रात्रीचं दव त्यांवर बसतं. दव उडेपर्यंत, म्हणजे अकरा वाजेपर्यंत, बेलर ओळीवर घालायचा नाही. अठराच्या वर आकडा असेल तर गठ्ठा बांधायचाच नाही. ओली तणीस दाबून सुतळीने आवळली की आतल्या आत तापते, आणि एखाद्या दिवशी कुणाला न विचारता पेट घेते. शेजारच्या बकारामचा गुरांचा कोठा असाच गेला होता, दोन म्हशींसकट. त्या म्हशींचा आवाज देवकाबाईने ऐकला होता, म्हणून ती नियम सोडत नसे.

त्या डिसेंबरात एकदाच सोडला. आभाळ भरून आलं होतं आणि देवानंदने सकाळी आठलाच ट्रॅक्टर सुरू केला. धुकं असं की बांधीच्या या टोकावरून त्या टोकाचं मोहाचं झाड दिसत नव्हतं.

"बावीस हाये," देवकाबाई तणीस पिळून म्हणाली. "दोन घंटे थांब."

"आभाळ पाय ना माय. पानी आला तं बावीसचे चाळीस होतीन."

तो गेलाच. तिचा नवरा हिरालाल लांब काठीच्या लोखंडी आकड्याने ओळी सारख्या करत धुक्यात कधीचा पुढे गेला होता. साठी उलटलेला माणूस, काम करता करता तणशीवरच आडवा होऊन डुलकी काढायची त्याची खोड. बेलर अर्ध्या बांधीत गेला आणि देवकाबाईला पुढच्या ओळीवर काहीतरी निळं दिसलं. हिरालालचा मफलर निळा होता.

ती ओरडली. इंजिनाच्या आवाजात तिचं ओरडणं तिलाच ऐकू आलं नाही. ट्रॅक्टर त्या ओळीवरून गेला. बेलरने तणीस आत ओढली, एकदा उचकी लागल्यासारखा अडला, आणि मागून एक गठ्ठा टाकून पुढे सरकला.

देवानंदने मशीन थांबवलं तेव्हा ती ओळीवर पोचली होती. तिथे काही नव्हतं. रक्त नाही, कापड नाही, चप्पल नाही.  तेवढ्यात समोरच्या धुऱ्यावरून, बांधीच्या कडेच्या बांधावरून, धुक्यातून हिरालाल चालत आला. गळ्यात मफलर, केसांत तणीस.

"कायले बोंबलून राहिले गा सारे?" तो म्हणाला. "मी तं इकडं होतो."

देवकाबाई रडली, मग हसली, मग तिने त्याला आठवेल त्या सगळ्या शिव्या दिल्या.  आनंदाच्या भरात कुणी काही पाहिलं नाही. तिनेही पाहिलं ते घरी जाताना, त्याच्या मागे चालताना. गुडघाभर ओल्या गवतातून तो आला होता. तिचं लुगडं पोटरीपर्यंत चिंब होतं. हिरालालच्या पायांवर पांढरी धूळ होती, उन्हाळ्यात असते तशी, कोरडी.

धुऱ्यावर बसला असेल पाय वर घेऊन, ती मनाशी म्हणाली.

२

त्या दिवशीचे एकेचाळीस गठ्ठे निघाले. बावीसचे गठ्ठे विकायचे नसतात, म्हणून ते घरामागच्या कोठ्यात, हवा खेळेल असे फटी ठेवून रचले. रोज दुपारी देवकाबाई लोखंडी सळई घेऊन जायची. सळई गठ्ठ्यात पोटापर्यंत खुपसायची, एक पान खाऊन होईस्तोवर ठेवायची, मग उपसून मुठीत धरायची. हाताला सोसली तर ठीक. चटका बसला तर सुतळी कापून गठ्ठा उन्हात पसरायचा.

पहिले चार दिवस सगळे तापले, तसे तापतातच. मग उतरायला लागले. बावीसचे वीस, विसाचे सतरा. आठव्या दिवशी देवकाबाईचा जीव खाली बसला.

कोपऱ्यातला एक गठ्ठा मात्र राहिला. त्याचा आकडा बावीसवर थांबला होता आणि सळई त्यातून दरवेळी सारखीच निघायची. चटका नाही, गार नाही. कुणाचा तरी हात हातात घ्यावा, तशी.

कोपऱ्यात वारा लागत नसेल, तिने ठरवलं. तिने तो ओढून दाराजवळ आणला. दुसऱ्या दिवशी बावीस. तिने तो उलटा केला. बावीस.

मग वास. ओली तणीस कुजली की आंबट, तंबाखूसारखा वास येतो, तो तिला पाठ होता. या गठ्ठ्याला तसा वास नव्हता. वाकून तिने नाक जवळ नेलं आणि झटकन मागे घेतलं. जवसाचं तेल लावलेल्या, उन्हात तापलेल्या डोक्याचा वास होता तो. पस्तीस वर्षं शेजारच्या उशीवर होता तो.

ती कोठ्यातून बाहेर आली. अंगणात खाटेवर हिरालाल ऊन खात बसला होता. धडधाकट.

"काय झालं वं?"

"काई नाई जी," ती म्हणाली.

त्याच्याजवळून जाताना तिने नकळत श्वास ओढला. त्याच्या अंगाला कसलाच वास नव्हता.

३

हिरालालचं काही बिघडलं होतं असं कुणी म्हणालं नसतं. बोलायचा तसाच, जेवायचा तसाच. फक्त पाणी पीत नसे. लोटा ओठांना लावायचा आणि तसाच भरलेला खाली ठेवायचा.

"बाबूजीच्या बिछान्यातून रोज सुपडंभर कुटार निघून राहिला," सून रिंकू हसत म्हणाली. हातात झाडू होता. "आई, तुमी त्यायले कोठ्यात निजवता काय?"

"मोठी आली मले शिकवनारी. झाड मुकाट्यानं."

पण त्या दिवशी तिने स्वतः चादर झटकली. बारीक, वाळकं, पिवळं कुटार. बेलरमागे उडतं तसंच. अंगाला चिकटलेलं असेल, ती म्हणाली. रोज आंघोळ करूनही चिकटून राहतं का, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

दुपारी तो खाटेवर झोपला असताना तिने त्याचा हात हातात घेतला. हात गार होता, हलका होता, आणि तळव्याची कातडी तिच्या बोटांखाली बारीक कुरकुरली. तिने ओळखलं. आठवर आलेली तणीस अशी बोलते. आठ म्हणजे जनावरंही तोंड लावत नाहीत, इतकी सुकी.

हिरालालने डोळे न उघडता विचारलं, "काय मोजून राहिली?"

४

गठ्ठा ओला राहतो आणि माणूस सुकतो. एवढं तिच्या डोक्यात आलं होतं, पण जोडून बघायची हिंमत होत नव्हती. बाईमाणसाचं डोकं फिरलं म्हणतील. तिचंही मत तेच होतं. म्हणून तिने जे तणशीचं करतात तेच केलं. बाराच्या उन्हात गठ्ठा अंगणात ओढून आणला आणि उभा करून ठेवला. सुकू दे एकदाचा.

तासाभरात आकडा एकोणीस झाला. तिला हायसं वाटलं.

"माय!" आतून देवानंदची हाक आली. "बाबूजीले पाय वं!"

हिरालाल माजघरात जमिनीवर पडला होता. ओठांना भेगा, डोळे उघडे, त्यांत पाण्याचा टिपूस नाही. तोंड हलत होतं, आवाज निघत नव्हता. रिंकू त्याला पाणी पाजत होती आणि पाणी गालावरून जसंच्या तसं खाली ओघळत होतं. देवानंद गाडी काढायला धावला.

देवकाबाई अंगणात आली. तिने गठ्ठा दोन्ही सुतळ्यांना धरून फरफटत सावलीत नेला, कोठ्यात नेला, आणि रांजणातलं पाणी ओंजळीने त्यावर शिंपडलं. तणीस पाणी प्यायली. आवाज आला. घटाघट म्हणावं इतका स्पष्ट.

ती माजघरात परतली तेव्हा हिरालाल उठून बसला होता.

"कायले गाडी काढून राहिला गा?" तो देवानंदला म्हणत होता. "उन्हात बसलो, चक्कर आली."

डिसेंबरच्या उन्हात कुणाला चक्कर येते, हे देवानंदने विचारलं नाही. बाप बोलला, त्याला तेवढं पुरे होतं. देवकाबाईला आता पुरतं कळलं होतं. आपल्या धन्याचा जीव त्या गठ्ठ्याला बांधला गेला आहे. कसा, ते देव जाणे. बांधला गेला आहे, आणि तो टिकवायचा असेल तर गठ्ठा सुकू द्यायचा नाही. जास्त ओलाही होऊ द्यायचा नाही, नाहीतर पेटेल. आयुष्यभर जे काम केलं, तेच आता करायचं होतं. ती शांत झाली. कामाची माणसं कामाने शांत होतात.

५

रोज दुपारी, सगळे जेवून पडले की ती कोठ्यात जायची. सळई, मशीन, लोट्यात पाणी. वीस झालं की पाच ओंजळी. तेवीसवर गेलं की दार उघडून वारा द्यायचा. हिरालाल सुधारत गेला. आठवड्याभरात हात कोमट झाले. एका सकाळी लाकडं फोडताना त्याच्या कपाळावर घाम दिसला आणि देवकाबाईने चुलीपुढे बसून पदराने डोळे पुसले. त्याच्या अंगाला तेलाचा वास येऊ लागला. तो पाणी पिऊ लागला. जुन्या गोष्टी काढू लागला, देवरीला तिच्या माहेरी तो पहिल्यांदा आला तेव्हा पावसात बैलगाडी कशी रुतली होती वगैरे.

"बाबूजी तं जवान होऊन राहिले," रिंकू म्हणाली.

एक गोष्ट देवकाबाईला खटकत होती. गठ्ठा बावीसवर होता, पाणी पीत होता, म्हणजे जड व्हायला हवा होता. तो हलका होत होता. आधी ओढायला दोन हात आणि कंबर लागायची. आता ती एका हाताने सरकवू शकत होती. आणि वास उडाला होता. तिने नाक अगदी आत खुपसलं तरी फक्त तणशीचा वास.

कुजून हलका झाला असेल, ती म्हणाली. पण हे तिने मोठ्याने म्हटलं, एकट्या कोठ्यात, आणि म्हटल्यावर तिला आपलाच आवाज आवडला नाही.

त्याच दुपारी हिरालालने पान खाताना देवरीच्या बैलगाडीची गोष्ट पुन्हा काढली. शब्द न शब्द तोच. मग तो थांबला.

"पुढं काय झालं वं?" त्याने विचारलं. "गाडी रुतल्यावर?"

"तुमाले नाई आठवत?"

"येईन," तो म्हणाला, आणि कोठ्याच्या दाराकडे पाहत राहिला. "येईन उद्यापर्यंत."

दुसऱ्या दिवशी आठवलं होतं.

६

देवानंदला कळायचं ते कळलंच. कोठ्यात पाणी सांडलेलं पाहून त्याने मशीन खुपसलं आणि मग हाताने गठ्ठा चाचपला.

"माय, तू याले पानी घालून राहिली? आंग तापून राहिला याचा! बाकीचे चाळीस याच्याजवळ हायेत. बकाराम काकाच्या म्हशी भुलली काय तू?"

"मी पायते त्याचं."

"काय पायते? विळा आन. आत्ताच्या आत्ता सुतळी कापतो आन बाहेर पसरवतो."

बोलणं ऐकून हिरालाल आला. दारात उभा राहिला. दुपारचं ऊन त्याच्या पाठीमागे होतं, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता.

"राहू दे तो गठ्ठा," तो म्हणाला.

"बाबूजी, पेटन ना तो."

"नाई पेटत. थोडाच राहिला आता."

देवानंद काहीतरी बोलला, पण देवकाबाईने ते ऐकलं नाही. थोडाच राहिला. पंधरवडाभर ती ज्याला ओंजळीने पाणी पाजत होती, त्यात थोडंच काय राहिलं होतं? तिने आपल्या नवऱ्याकडे पाहिलं. भरलेले गाल, घामेजलेला गळा, तेलाने चमकणारे केस. मग तिने हलक्या झालेल्या गठ्ठ्याकडे पाहिलं. जीव इथे बांधला आहे, हे तिचं बरोबर होतं. कोण कुणाचं पिऊन राहिलं होतं, ते मात्र तिने उलटं धरलं होतं.

"मी कापते," ती म्हणाली. कौलाखाली खोचलेला विळा तिने काढला. "तुमी दोघंबी बाहेर व्हा. वाफ लागते डोळ्याले."

देवानंद निघाला. हिरालाल हलत नव्हता. तिने दार लोटलं तेव्हा त्याला मागे व्हावंच लागलं. तिने आतून कडी घातली.

कोठ्यात कौलांच्या फटींतून उन्हाच्या सळया उतरल्या होत्या आणि त्यांत कुटार तरंगत होतं. ती गठ्ठ्याशी गुडघे टेकून बसली. तळवा ठेवला. ऊब होती अजून, कमी झालेली. तिने पहिली सुतळी कापली.

गठ्ठ्याची एक बाजू सैल झाली आणि तणशीचे थर पुस्तकासारखे जरासे उघडले. आत ओला अंधार. उन्हाची एक रेघ त्यात शिरली. तिला एका कानाची कडा दिसली. इतकी पातळ झालेली, की ऊन तिच्यातून आरपार गेलं. कानामागे चार पांढरे केस, आणि केसांतून एक घामाचा थेंब हळूच खाली ओघळला.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बाहेरचा आत आला असता.

"कापली काय वं?" दाराबाहेरून आवाज आला. हिरालालचा आवाज. तोच. पस्तीस वर्षं ऐकलेला. "दुसरी नको कापू."

 दुसरी सुतळी कापली तर काय होईल? माणूस बाहेर येईल, की मूठभर कुटार सांडेल? आणि तिचं चुकत असेल तर? दारापलीकडे खरोखरचा हिरालाल असेल, बायकोच्या वेडापायी घाबरलेला, आणि इथे फक्त कुजलेली तणीस आणि म्हाताऱ्या डोळ्यांचा खेळ? एक सुतळी. कापली की परत जोडता येणार नव्हती. तिला खात्री हवी होती, एवढीच. तणशीच्या बाबतीत ती कधी खात्री केल्याशिवाय पुढे गेली नव्हती.

त्यांची पहिली पोरगी अकरा दिवसांची होऊन गेली होती. बारसं व्हायचं होतं. नाव दोघांनीच ठरवलं होतं, अंथरुणात, हळू आवाजात, आणि पोरगी गेल्यावर ते नाव दोघांनीही परत कधी घेतलं नव्हतं. देवानंदलाही अशी बहीण होती हे ठाऊक नव्हतं.

ती दाराकडे तोंड करून म्हणाली, "आयकता काय जी? एक सांगा. आपल्या पयल्या पोरीचं नाव काय ठेवलं होतं?"

बाहेर कुणीतरी दाराच्या फळीला अगदी चिकटून उभं होतं. फळीवर कान घासल्याचा आवाज आला.

उत्तर आलं नाही.

तिने विळा सुतळीखाली घातला. आता खात्री झाली होती. ती जोर लावणार तोच तिच्या गुडघ्यापाशी, थरांच्या आतून, घशात पाणी अडकल्यासारखा, थकलेला, मायेचा आवाज आला.

"फुलवंता. तू फुलू म्हनत होती."

देवकाबाईच्या तोंडून हुंदका निघाला. "हाव जी," ती म्हणाली, "हाव, हाव," आणि तणशीवर गाल टेकला.

मग दारापलीकडून, अगदी शांतपणे, त्याच थकलेल्या मायेने, तोच अडकलेला घसा घेऊन आवाज आला.

"फुलवंता. तू फुलू म्हनत होती."

आणि तिच्या गालाखालची तणीस थंड होऊ लागली.